टाके पडले, पण बोट बधिर का?

कोयता, काच किंवा पत्रा लागून मनगट कापले की आपण 'नस कापली' म्हणतो. नस हा शब्द आपण रक्तवाहिनीलाही वापरतो आणि मज्जातंतूलाही. रक्तवाहिनी कापली तर रक्त दिसते. मज्जातंतू कापला तर बोट बधिर होते, कधी हालचालही जाते. पण रक्ताच्या गडबडीत तिकडे लक्ष जात नाही. कातडीला टाके पडतात आणि आतला मज्जातंतू तुटलेलाच राहतो.

बोटाचा स्पर्श जाणणारी पेशी बोटात नसते. ती मानेजवळ, मणक्याच्या बाजूच्या गाठीत असते. तिचाच हाताएवढा लांब धागा बोटापर्यंत येतो. या धाग्यातून पेशीला पोषक प्रथिने उलट दिशेने पोहोचतात. अशा एका प्रथिनाच्या शोधासाठी रिटा लेव्ही-मोन्टालचिनी व स्टॅन्ली कोहेन यांना १९८६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. धागा तुटला की हा पुरवठा थांबतो आणि पुढच्या काही आठवड्यांत काही पेशी मरतात. उंदरांवरील अनेक प्रयोगांत हे प्रमाण एकतृतीयांशाच्या आसपास आढळले. हालचालीच्या पेशी त्या मानाने जास्त तग धरतात. मेलेली पेशी पुन्हा तयार होत नाही. म्हणून घाई महत्त्वाची.

मज्जातंतू लवकर जोडला तर वाचणाऱ्या पेशी वाढतात. नवा धागा दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतो. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंतचे १८ सेंटीमीटर अंतर कापायला सहा महिने लागतात. धीर सोडू नये.

काय करावे?

• जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. हळद, चुना, कॉफी भरू नका.
• भुलीचे इंजेक्शन देण्याआधी डोळे मिटून प्रत्येक बोटाच्या टोकाला हलका स्पर्श करवून पाहा. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि करंगळी, सगळी तपासा.
• स्पर्श कळत नसेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "मज्जातंतू तुटला आहे का?" हाताची किंवा प्लास्टिक सर्जरी होते अशा मोठ्या रुग्णालयात पाठवायला सांगा.
• जुन्या जखमेचे बोट बधिर असेल तरी दाखवा. 'नसांच्या गोळ्यां'नी तुटलेला मज्जातंतू जोडला जात नाही.
• बधिर हाताला चटका कळत नाही. चहाचा पेला, तवा, विडी जपून हाताळा आणि रोज बोटे डोळ्यांनी तपासा.