दुकानाचं तोंड उजळायचं, पण पैसा कुठून आणि किती?



गेल्या काही महिन्यांत गटांच्या बैठकीत एकच मागणी सारखी येतेय. "समोर नवीन दुकान झालं. काच लावली, लाईट लावले. आपलं गिऱ्हाईक तिकडं चाललं. गटातून कर्ज द्या, दुकान जरा नीट करून घेते." मागणी रास्त आहे. पण आपण ठराव वहीत 'व्यवसायासाठी कर्ज' एवढंच लिहितो, पैसे देतो आणि पुढच्या विषयाला लागतो. रंग मारून, पाटी लावून गिऱ्हाईक वाढेल का, हप्ता निघेल का, हे कुणी विचारत नाही. या वेळचा अभ्यास पाठ त्यावरच आहे. गटात मोठ्याने वाचा आणि शेवटचा गृहपाठ नक्की करा.

१. पेठ मागे का पडते?

आपलं दौंड रेल्वेमुळे वाढलं. सोलापूरकडे जाणारी लाईन होतीच. १८७८ मध्ये मनमाडची लाईन सुरू झाली आणि दौंड मोठं जंक्शन झालं. गाडी आली की माणूस उतरायचा, चहा प्यायचा, काहीतरी घेऊन जायचा. मनमाडकडून पुण्याला जाणाऱ्या गाडीचं इंजिन दौंडला काढून दुसऱ्या बाजूला जोडावं लागायचं, म्हणून गाडी बराच वेळ थांबायची. आता कॉर्ड लाईन झाल्यामुळे कितीतरी गाड्या जंक्शनला न येता परस्पर जातात. महामार्गाचंही तसंच. यवत, वरवंड, पाटस, कुरकुंभकडे पाहा. रस्ता रुंद झाला, पूल झाला, गाड्या वेगानं वरून निघून गेल्या. खाली जुन्या रस्त्याला जी दुकानं राहिली, त्यांच्यासमोर गाडी थांबायची बंद झाली.

म्हणजे गिऱ्हाईक कमी होण्याचं कारण दर वेळी मळलेली भिंत नसतं. कधी रस्ताच बदललेला असतो. कधी माल कमी असतो. कधी दुकान वेळेवर उघडत नाही. म्हणून पहिला नियम: कर्ज मागण्याआधी आठ दिवस वहीत लिहा. दुकानासमोरून किती माणसं गेली, किती थांबली, किती आत आली, किती जणांनी घेतलं. माणसं जातात पण थांबत नाहीत, तर दर्शनी भाग सुधारून उपयोग होईल. थांबतात, आत येतात, पण न घेता जातात, तर दोष मालात किंवा भावात आहे. रंगावर पैसे घालू नका. रस्त्यावरून माणसंच जात नाहीत, तर आठवडे बाजारात किंवा वर्दळीच्या जागी स्टॉल लावायचा विचार आधी करा.

२. मुंबईच्या एका रस्त्याची गोष्ट

मुंबईत क्रॉफर्ड मार्केटपासून सीएसएमटी स्टेशनवरून हुतात्मा चौकाकडे जाणारा दादाभाई नौरोजी रस्ता आहे. दोन्ही बाजूंना जुन्या दगडी इमारती, खाली कमानी आणि कमानीत दुकानं. जो तो शेजाऱ्यापेक्षा मोठी पाटी लावायला लागला. कमानी झाकल्या, कोरीव दगड झाकला आणि शेवटी एवढ्या पाट्यांत कुणाचीच पाटी धड दिसेना. १९९० च्या दशकाच्या शेवटी वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी या रस्त्यासाठी साधे नियम तयार केले: पाटी कमानीच्या आत बसवायची, ठरलेल्या मापाची ठेवायची, दगड झाकायचा नाही. दुकानदारांशी बोलून, त्यांना पटवून काम झालं. २००४ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत या कामाचा गौरव झाला.

आपली पेठ काही त्या रस्त्याएवढी जुनी किंवा देखणी नाही. पण शिकण्यासारखं आहे. एक, रस्ता एकट्या दुकानानं सुधारत नाही, शेजाऱ्यांना धरून सुधारतो. दोन, पुष्कळदा नवीन काही लावायची गरज नसते, जुनं काढायची असते. फाटके फ्लेक्स, बंद पडलेल्या कंपनीच्या जाहिराती, लोंबकळत्या वायरी काढल्या तरी निम्मं दुकान उजळतं, आणि त्याला कर्ज लागत नाही.

अमेरिकेतही महामार्ग आणि मोठी दुकानं गावाबाहेर गेल्यावर जुन्या पेठा ओस पडल्या. तिथं १९८० पासून 'मेन स्ट्रीट' नावाचा कार्यक्रम चालतो. अशा पेठांमध्ये बऱ्याच ठिकाणी दुकानाच्या दर्शनी भागासाठी नगरपालिका किंवा व्यापाऱ्यांची संस्था मदत देते. पद्धत ध्यानात ठेवा: काही हिस्सा दुकानदाराचा, काही संस्थेचा, जागा भाड्याची असेल तर मालकाची सही आधी, आणि पैसे बहुतेक वेळा काम पूर्ण झाल्यावर, बिल पाहूनच. ही शिस्त आपल्यालाही घेता येईल.

३. खर्च करण्याआधी तीन प्रश्न

पहिला प्रश्न: जागा कुणाची?
भाड्याच्या दुकानावर तुम्ही वीस हजार घातले आणि सहा महिन्यांनी मालक म्हणाला, "दुकान आता चांगलं दिसतंय, भाडं वाढवा नाहीतर खाली करा," तर? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणी केलेला असावा लागतो आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची असते. तोंडी करारावर चालवत असाल तर आधी करार करा, मग रंग आणा. करारात लिहून घ्या: सुधारणा कोण करणार, खर्च कुणाचा, भाड्यातून काही वळता होणार का आणि किती काळ भाडं वाढणार नाही. कराराची मुदत कर्जाच्या मुदतीपेक्षा जास्त हवी. बारा महिन्यांचं कर्ज आणि करार संपायला पाच महिने राहिलेत, असं करू नका.

दुसरा प्रश्न: पुढची जमीन कुणाची?
इथं माझंच उदाहरण सांगते. माझं शिलाईचं दुकान होतं. उन्हाचा त्रास म्हणून गटारावरून चार फूट पुढं पत्र्याची शेड काढली, खाली फरशी बसवली. सगळ्यांनीच काढलेली, मग मी का मागे राहू? गटाचं कर्ज घेतलं होतं. अतिक्रमण काढायची गाडी आली आणि अर्ध्या तासात शेड गेली. हप्ते मात्र पुढं सात महिने भरले. चूक माझीच होती. सगळे करतात म्हणून ते आपलं होत नाही. तेव्हापासून प्रत्येक ताईला सांगते: स्वतःच्या शटरच्या रेषेच्या आत पैसे घाला. ओटा, शेड, पायरी रस्त्यावर येत असेल तर नगरपरिषद, ग्रामपंचायत किंवा रस्ता ज्यांच्याकडे आहे त्या खात्याला आधी विचारा आणि परवानगी लेखी घ्या.

तिसरा प्रश्न: पाटी नियमात बसते का?
दुकाने व आस्थापना कायदा, २०१७ मध्ये २०२२ साली दुरुस्ती झाली. आता दहापेक्षा कमी कामगार असलेल्या छोट्या दुकानालाही मराठी, देवनागरी पाटी सक्तीची आहे. मराठी अक्षरं सुरुवातीला हवीत आणि दुसऱ्या भाषेची अक्षरं त्यापेक्षा मोठी नसावीत. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही दुकानदारांना मराठी पाट्या लावायला दोन महिन्यांची मुदत दिली होती. पेंटरला ऑर्डर देतानाच हे सांगा, नाहीतर पाटीचा खर्च दोनदा होईल.

४. पैसा कुठून आणायचा?

गटाचं अंतर्गत कर्ज: छोट्या कामाला हेच सगळ्यात बरं. व्याज आपल्याच गटात राहतं आणि परतफेडीकडे बहिणींचं लक्ष असतं.

गटाचं बँक कर्ज: बचत गटाला दहा लाखांपर्यंतच्या कर्जासाठी बँक तारण मागू शकत नाही. पण कर्ज गटाच्या नावावर असतं. एकीचं थकलं की सगळ्यांचं खातं बिघडतं.

मुद्रा कर्ज: दुकानाचा व्यवहार स्वतंत्र असेल तर शिशु गटात पन्नास हजारांपर्यंत, विनातारण. व्याजदर बँकेप्रमाणे बदलतो, तो आधी विचारून घ्या.

पीएम स्वनिधी: शहरात रस्त्यावर विक्री करणाऱ्यांसाठी. २०२५ च्या बदलानंतर पहिलं कर्ज १५,०००, ते फेडलं की २५,००० आणि मग ५०,०००. ते खेळत्या भांडवलासाठी आहे. शहरात हातगाडी किंवा पाटी घेऊन बसणाऱ्या ताईंनी नगरपरिषदेत चौकशी करावी.

सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजना: पापड, शेवया, मसाले करणाऱ्या ताई विचारतात, यातून दुकान नीट करता येईल का? या योजनेचा भर यंत्रावर आणि प्रक्रियेवर आहे. त्या पैशातून दुकानाला रंग काढू नका. ज्या कामासाठी पैसे घेतले त्याच कामावर दाखवता आले पाहिजेत.

आणि एक काळजी. घरी येऊन, सही घेऊन, दुसऱ्या दिवशी पैसे देणारे खाजगी फायनान्सवाले 'शेकडा दोनच रुपये' म्हणतात. ते दोन रुपये कशावर, हे पुढच्या गणितात बघा.

५. आता गणित

हे आकडे हिशोब शिकण्यापुरते धरलेत. तुमचे दर स्थानिक पेंटर, फॅब्रिकेटर आणि वायरमनकडून लिहून घ्या.

भिंत घासून लांबी आणि रंग ६,५००, शटरचा गंज काढून ऑइलपेंट २,५००, पाटी ४,५००, एलईडी दिवे आणि वायरिंग ३,०००, पायरी दुरुस्ती ३,५००, पुढची मांडणी ४,०००. एकूण २४,००० रुपये.

गटातून २४,००० घेतले, बारा हप्ते, शेकडा एक रुपया, व्याज उरलेल्या मुद्दलावर. दर महिन्याला मुद्दल २,०००. पहिल्या महिन्याचं व्याज २४०, दुसऱ्याचं २२०, असं उतरत शेवटच्या महिन्याचं २०. वर्षाचं व्याज १,५६० रुपये. तेच शेकडा दोननं, पूर्ण रकमेवर बारा महिने घेतलं तर व्याज ५,७६० रुपये. म्हणून विचारायचं: "व्याज उरलेल्या मुद्दलावर की पूर्ण रकमेवर?"

आता खरा प्रश्न. पहिला हप्ता २,२४० रुपये. तुमच्या दुकानात शंभराच्या विक्रीमागे पंधरा रुपये सुटतात असं धरू. मग हप्त्यापुरतेच महिन्याला साधारण १५,००० रुपयांची जास्तीची विक्री हवी. सव्वीस दिवस दुकान चालू धरलं तर दिवसाला सुमारे ५७५ रुपये. एक गिऱ्हाईक सरासरी ८० रुपयांचं घेत असेल तर रोज सात-आठ नवीन गिऱ्हाइकं पाहिजेत. तीही रोज, वर्षभर. तुमच्या आठ दिवसांच्या वहीत रोज वीस माणसं न थांबता जात असतील तर हे जमेल. दहाच जात असतील तर जमणं अवघड आहे.

मग काय, सोडून द्यायचं? नाही. काम दोन टप्प्यांत करा. आधी पाटी, दिवे आणि शटर: १०,०००. त्यात दोन हजार रंग राखून ठेवा. एकूण १२,००० चं कर्ज. पहिला हप्ता १,१२०. त्यासाठी दिवसाला सुमारे २९० रुपयांची जास्त विक्री, म्हणजे तीन-चार गिऱ्हाइकं. हे पेलवेल. सहा महिने विक्री लिहा. वाढ दिसली तर पुढचा टप्पा घ्या.

६. एकत्र केलं तर

एकाच ओळीत आपल्या सहा-सात ताईंची दुकानं असतील तर एकत्र दर घ्या. पेंटरला एकदाच यावं लागतं, रंगाचे मोठे डबे स्वस्त पडतात, पाट्या एका मापाच्या होतात. शेजारची दुकानं आपल्या गटातली नसली तरी विचारा.

प्रभागसंघाला वाटलं तर यासाठी वेगळा छोटा निधी ठेवता येईल. त्याचे नियम असे असावेत: ताईचा स्वतःचा हिस्सा निदान चौथा, जागेचा करार किंवा उतारा पाहिल्याशिवाय मंजुरी नाही, रक्कम थेट कारागिराला, अर्धी आधी आणि अर्धी काम झाल्यावर बिल पाहून, कामाआधीचा आणि नंतरचा फोटो वहीत, सहा महिन्यांनी विक्रीचा आढावा बैठकीत. आपली पंचसूत्री काही वेगळं सांगत नाही: बैठक, बचत, कर्ज, परतफेड आणि हिशोब.

७. गटात चर्चा आणि गृहपाठ

१) आपल्या गटातल्या कुणाच्या दुकानाचा करार लेखी आहे? कुणाचा तोंडी आहे? तोंडी असणाऱ्यांची यादी करा.
२) दुकान असलेल्या प्रत्येक ताईने आठ दिवस माणसं मोजून वही पुढच्या बैठकीत आणावी.
३) वरच्या गणितात स्वतःच्या दुकानाचा नफा घालून रोज किती जास्त गिऱ्हाइकं लागतील ते काढा. हिशोब जमत नसेल तर गटाच्या लेखापाल ताईजवळ बसा.
४) या रविवारी पाणी, झाडू आणि पक्कड घ्या. फाटके फ्लेक्स आणि जुन्या जाहिराती उतरवा. किती फरक पडला ते बैठकीत सांगा. कदाचित कर्जाची रक्कम तिथंच कमी होईल.

दुकान देखणं दिसावं असं कुणाला वाटत नाही? पण रात्री शटर ओढताना हप्त्याची धास्ती नसली, तरच ते उजळलेलं दुकान आपलं वाटतं.