माइक चांगला, मग आवाज डब्यातून का येतो?

प्रश्न : माझी मुलगी गाणं शिकते. तिचं नाट्यगीत घरी रेकॉर्ड करता यावं म्हणून आम्ही बऱ्यापैकी महागाचा कंडेन्सर माइक आणि ऑडिओ इंटरफेस घेतला. समोर बसून ऐकताना तिचा आवाज छान लागतो, पण रेकॉर्डिंग लावलं की डब्यात तोंड घालून गायल्यासारखं वाटतं. तेच पद ती एका स्टुडिओत गायली तेव्हा कसं भरीव आणि जवळचं ऐकू आलं! हे स्टुडिओवाले नेमकं करतात काय? आणि याहून महाग माइक घ्यावा का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, म्हणजे तुमचे पैसे वाचतील : नको. तुमच्या माइकची काही चूक नाही. तो चांगला आहे म्हणूनच खोलीचे दोष इतके स्पष्ट ऐकू येतायत.

एक प्रयोग करून पाहा. मुलीला त्याच खोलीत गायला सांगा आणि एका कानात बोट घालून ऐका. खोली एकदम जास्त घुमायला लागेल. बोट काढलंत की घुमणं मागे सरकेल आणि आवाज पुढे येईल. खोलीत काहीच बदललेलं नसतं. बदलतं ते मेंदूचं काम. दोन कान मिळाले की मेंदू थेट आलेला आवाज आणि भिंतींवरून परतलेला आवाज वेगळे ओळखतो आणि परतलेल्याला दाबून टाकतो. सुमारे तीस-चाळीस मिलिसेकंदांच्या आत पोचलेला प्रतिध्वनी आपल्याला वेगळा म्हणून ऐकूच येत नाही. माइकपाशी ही सोय नाही. त्याच्यावर जे आदळेल ते सगळं तो इमानाने टिपतो, आणि मग स्पीकरमधून गाणं आणि खोली एकाच जागेवरून बाहेर पडतात. तेव्हा मात्र मेंदूला त्यांची फोड करता येत नाही.

आता डबा कुठून येतो ते पाहू. आवाज एका मिलिसेकंदात साधारण 34 सेंटिमीटर जातो. मुलीच्या समोर पदांच्या वहीचा स्टँड आहे असं धरा. तोंडातून निघालेला आवाज थेट माइककडे जातो आणि स्टँडवर आपटूनही जातो. दुसरी वाट 34 सेंटिमीटर लांब असेल तर तो आवाज एक मिलिसेकंद उशिरा पोचतो. त्या उशिरामुळे 500, 1500, 2500 हर्ट्झ अशा ठिकाणी दोन्ही लाटा एकमेकींना मारतात आणि मधल्या ठिकाणी एकमेकींना फुगवतात. गळ्याच्या आवाजात असे खड्डे-उंचवटे पडले की कान म्हणतो, डबा! टेबल, लॅपटॉपचा पडदा, काचेची खिडकी, कडप्प्याचा कट्टा, सगळ्यांची करणी हीच. नंतर सॉफ्टवेअरमध्ये कितीही खुंट्या फिरवल्या तरी हे निस्तरत नाही.

खालच्या सुरांची गोष्ट वेगळी. तुमची खोली किती मोठी हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये दहा बाय दहाची खोली आणि छतही दहा फुटांच्या आसपास, हे सर्रास. आवाजाच्या दृष्टीने यापेक्षा वाईट आकार शोधून सापडणार नाही. दहा फुटांच्या दोन भिंतींमध्ये सुमारे 56 हर्ट्झची लाट नेमकी बसते, मग तिची दुप्पट 112, मग 168. लांबी, रुंदी, उंची तिन्ही सारख्या असल्या की तिन्ही दिशांचा घुमारा एकाच सुरावर गोळा होतो. मुलगी काळी पाचमध्ये गात असेल तर तानपुऱ्याचा खर्ज 116 हर्ट्झच्या जवळ येतो. म्हणजे चार तारांपैकी एकच तार खोली भरून टाकणार आणि उरलेल्या तिघी मागे राहणार. तानपुरे घडवणाऱ्या मिरजेत राहून तानपुऱ्याची अशी दशा व्हावी, हे काही बरं नाही.

स्टुडिओवाले काय करतात, याचं निम्मं उत्तर इथेच आहे. त्यांनी पैसे आधी खोलीवर घातलेले असतात. समांतर भिंती टाळायच्या, पोकळ्या ठेवून जाड लोकर भरायची, खालचे सूर गिळण्यासाठी कोपऱ्यांत वेगळी व्यवस्था करायची. यामागचं शास्त्र सुरू झालं ते गाद्यांपासून. 1895 मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या फॉग संग्रहालयाचं व्याख्यानगृह इतकं घुमायचं की एक शब्द साडेपाच सेकंद रेंगाळायचा. वॉलेस सबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकाला ते दुरुस्त करायला सांगितलं. त्याने शेजारच्या सँडर्स थिएटरच्या खुर्च्यांवरच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, ऑर्गनची एक नळी वाजवून थांबवायची आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचं, मग आणखी गाद्या आणायच्या, असा उद्योग चालवला. उजाडायच्या आत गाद्या परत जागेवर. त्यातून जे सूत्र निघालं त्यावरच 1900 साली उघडलेला बॉस्टनचा सिम्फनी हॉल बांधला गेला, आणि जगातल्या उत्तम सभागृहांत आजही त्याचं नाव घेतात.

मात्र सगळा घुमारा मारून टाकला की आवाज चांगला होतो, असं समजू नका. पूर्ण मेलेल्या खोलीत गायकाला स्वतःचा सूर परत येत नाही, आणि तो उगाच जोर लावून गायला लागतो. न्यूयॉर्कला 30व्या रस्त्यावर कोलंबिया कंपनीचा स्टुडिओ होता. मूळचं ते उंच छताचं चर्च, म्हणजे मेलेली खोली नव्हेच. 1955 मध्ये ग्लेन गूल्डने तिथे एकट्याने पियानोवर बाख वाजवला आणि 1959 मध्ये जॅझवादक माइल्स डेव्हिसने तिथेच आपल्या साथीदारांना घेऊन ‘काइंड ऑफ ब्लू’ हा अल्बम ध्वनिमुद्रित केला. दोन्ही तबकड्या आजही विकल्या जातात. त्याच ‘काइंड ऑफ ब्लू’च्या पहिल्या बाजूची गंमत अशी, की तेव्हाचं एक टेपयंत्र किंचित हळू चालत होतं, त्यामुळे ती बाजू कितीतरी वर्षं मूळ सुरापेक्षा थोडी चढी वाजत राहिली. 1990 च्या दशकात ते दुरुस्त झालं. तोपर्यंत लाखो लोकांनी ती चढी बाजूच डोक्यावर घेतली होती. यंत्राच्या अचूकतेपायी झोप घालवणाऱ्यांना मी हे नेहमी सांगतो.

उरलेलं निम्मं उत्तर म्हणजे अंतर. माइकपासून गायक दुप्पट लांब गेला की थेट आवाज 6 डेसिबलनी उतरतो, पण खोलीचा घुमारा जवळपास तेवढाच राहतो. म्हणजे वीतभर पुढे-मागे झालं की गाणं आणि खोली यांचं प्रमाणच बदलतं. बहुतेक माइकच्या फार जवळ गेलं तर खर्जही फुगतो. ज्यांना हे कळलं त्यांनी अंतराचंच वाद्य केलं. ‘महल’ (1949) या चित्रपटातल्या ‘आएगा आनेवाला’ची सुरुवात दुरून आल्यासारखी वाटते ना? लताबाईंनी मुलाखतींमध्ये सांगितलं आहे की माइक मधोमध ठेवला होता आणि त्या कोपऱ्यातून गायला सुरुवात करून गातगातच माइककडे चालत आल्या. जुळेपर्यंत पुन्हा पुन्हा करावं लागलं. आज हेच काम बटण दाबून होतं. तसं केलेलं मात्र लगेच ओळखू येतं, असं आपलं माझं मत.

पूर्वी अंतराखेरीज हाताशी दुसरं काही नव्हतंच. 1902 मध्ये कोलकात्याला गौहर जानचं गाणं तबकडीवर उतरलं तेव्हा समोर माइक नव्हता, कर्णा होता. विजेवर चालणारं ध्वनिमुद्रण 1925 च्या सुमाराला आलं. मुंबईच्या सिनेसंगीतात पुढे माइक आले, पण थोडेच, आणि सगळा ताफा एकदम वाजवायचा. कोणाला जवळ बसवायचं, कोणाला मागे, हेच मिक्सिंग. त्यात खरी करामत अरेंजरची. सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड या गोव्याच्या मंडळींनी व्हायोलिनचे ताफे असे लिहिले की गायकाचा सूर ज्या पट्टीत फिरतोय ती जागा मोकळी राहावी. गाणाऱ्याने श्वास घेतला की वाद्यं पुढे, तो गायला लागला की वाद्यं मागे किंवा वरच्या सप्तकात. हे कागदावरच नीट झालं असेल तर रेकॉर्डिस्टला फार काही करावं लागत नाही. तुमच्या बाबतीत याचा अर्थ इतकाच, की संवादिनीवाला मुलीच्या प्रत्येक जागेवर तीच जागा वाजवत असेल तर त्याला आवरा.

यंत्रांबद्दल थोडक्यात. 24 बिटवर रेकॉर्ड करा आणि आवाजाची पातळी वर चढवू नका. सर्वांत मोठी तानसुद्धा उणे 10 डेसिबलच्या आसपास राहू द्या. वर ताणलेला आवाज फाटला की संपलं. मीटर लाल केल्याने गाणं मोठं होत नाही, आणि ऐकवणारी ॲप्स हल्ली सगळ्यांची पातळी आपल्या मापाने सारखी करूनच ऐकवतात.

आता घरी काय करायचं ते. भिंतीला अंड्यांचे ट्रे लावायला जाऊ नका. खालच्या सुरांना त्यांचा काहीच अडथळा होत नाही, आणि आग लागली तर ते भडकतात. कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट, उभी केलेली गादी, जाड गोधडी, हे सगळं कामाचं आहे. मात्र लोक ते माइकच्या मागे लावतात. माइकचं तोंड मुलीकडे असतं, म्हणजे त्याला दिसते ती तिच्या पाठीमागची भिंत. गोधडी तिथे लावा, भिंतीपासून वीतभर सोडून. खाली सतरंजी घाला. मुलीला खोलीच्या अगदी मधे बसवू नका, भिंतीला खेटूनही नको. लांबीच्या एक तृतीयांशावर बसवून पाहा आणि फूट-दीड फूट इकडेतिकडे सरकवत ऐका. खर्ज घुमायचा कुठे थांबतो ते कानाला लगेच कळतं. वही माइकच्या बाजूला, थोडी तिरकी ठेवा. पंखा, फ्रीज, इन्व्हर्टर बंद. तानपुरा शक्य तर वेगळा रेकॉर्ड करा, आणि त्याआधी जवारी लावून घ्या. कारागीर तुमच्या गावातच आहेत. बसलेली जवारी कोणत्याही सॉफ्टवेअरने उघडत नाही.

एवढं करून रियाजासाठी, गुरुजींना पाठवण्यासाठी उत्तम रेकॉर्डिंग मिळेल. स्पर्धेला किंवा प्रसिद्धीला द्यायचं असेल तर माइकचे पैसे स्टुडिओच्या अर्ध्या दिवसाच्या भाड्यात घाला. तिथे गेल्यावर पहिला टेक संपताच चुका सांगायला धावू नका, तिला दोनदा मनासारखं गाऊ द्या. हेडफोनमध्ये तानपुरा थोडा जास्त मागून घ्या. एका कानावरचा हेडफोन सरकवून गायची तिला सवय असेल तर ते रेकॉर्डिस्टला आधीच सांगा, म्हणजे त्या बाजूचा आवाज तो बंद ठेवील आणि तानपुरा तिच्या माइकमध्ये झिरपणार नाही.