गाडीचे अ‍ॅव्हरेज अचानक का घटते? एक कारणमीमांसा

इतिहासाच्या अभ्यासकाला एक शिस्त पाळावी लागते. घटना कानावर आली की लगेच तिचे कारण सांगायचे नाही. ती खरोखर घडली काय, हे आधी पडताळायचे आणि मगच कारणांची छाननी करायची. वाहनाच्या बाबतीतही हीच शिस्त उपयोगी पडते. आमच्या निवासी विद्यालयाच्या पेट्रोल व्हॅनचे उदाहरण घेऊन विद्यार्थिमित्रांपुढे हा विषय आम्ही मांडत आहोत.

ही व्हॅन लिटरला १४ किलोमीटर चालत असे. एका पावसाळ्यानंतर हा आकडा ११.२ वर आला. महिन्याला १,४०० किलोमीटर धाव धरली, तर पूर्वी १०० लिटर पेट्रोल लागे. आता १२५ लिटर लागू लागले. दानावर चालणाऱ्या संस्थेला हे २५ लिटर जड जातात. परंतु त्याहून गंभीर गोष्ट निराळीच होती. हिशेबात तूट दिसली की संशय प्रथम चालकावर जातो. मुले ज्यांना काका म्हणतात, त्या आमच्या जुन्या चालकाविषयी कुजबुज सुरू झाली. संशय म्हणजे पुरावा नव्हे. एका कष्टकरी माणसाची अब्रू पणाला लागली असताना तर तपास अधिकच काटेकोर हवा.

पहिली पायरी मोजमापाची. टाकी पूर्ण भरावी, पंपाची नळी प्रथम आपोआप बंद होताच थांबावे आणि किलोमीटरचा आकडा लिहून ठेवावा. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर, तशीच टाकी पूर्ण भरावी. मधल्या अंतराला नंतर भरलेल्या लिटरांनी भागले की खरे अ‍ॅव्हरेज मिळते. एका टाकीवरून निष्कर्ष काढू नये. दोन-तीन टाक्यांची सरासरी घ्यावी. काटा किंवा पडद्यावरचा आकडा हा केवळ अंदाज असतो. आम्ही तीन टाक्या मोजल्या. घट खरी होती.

दुसरी पायरी, वापरात काय बदलले ते पाहणे. छोट्या फेऱ्या वाढल्या तर इंजिन गरम होण्याआधीच प्रवास संपतो आणि पेट्रोल अधिक जळते. एसी, टपावरचे कॅरिअर, जादा ओझे आणि वाहतुकीची कोंडी यांचाही वाटा असतो. इंधनाचाही विचार करावा. पेट्रोलच्या तुलनेत इथेनॉलमध्ये लिटरमागे सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते; म्हणून २० टक्के इथेनॉलच्या मिश्रणाने अ‍ॅव्हरेज काही टक्के घटू शकते. मात्र आमची घट २० टक्के होती. एवढी मोठी घट केवळ त्या मिश्रणाच्या माथी मारता येत नव्हती, आणि मार्ग व फेऱ्या तर पूर्वीच्याच होत्या.

तिसरी पायरी, बिनखर्चाच्या तपासण्या. टायरमधील हवा गाडी थंड असताना मोजावी. योग्य आकडा बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो. पेट्रोलचा वास येतो काय, गाडीखाली ओल दिसते काय, तेही पाहावे. त्यानंतर ब्रेक. सपाट रस्त्यावर गाडी न्यूट्रलमध्ये सहज पुढे सरकते की लगेच अडखळते, याकडे लक्ष द्यावे. काही किलोमीटर चालवून थांबल्यावर एखादे चाक इतरांहून अधिक तापले असेल, तर तेथील ब्रेक चिकटत असण्याचा संभव असतो. मात्र हात जवळ नेऊन केवळ धग अजमावावी. ड्रमला स्पर्श करू नये, भाजते.

चौथी पायरी इंजिनची. थर्मोस्टॅट उघडाच अडकला तर इंजिन पुरेसे तापत नाही आणि संगणक जादा पेट्रोल सोडत राहतो. ऑक्सिजन सेन्सर बिघडला तर हवा-पेट्रोलचे प्रमाण चुकते. पेट्रोलच्या एका भागास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा हे ते प्रमाण. झिजलेले प्लग आणि घसरणारी क्लच प्लेट हेही तपासावे. मेकॅनिकने स्कॅनर जोडला की नोंदलेले दोष कळतात. पण स्कॅनर दिशा दाखवतो, निकाल देत नाही. एक समजूत येथे दुरुस्त करायला हवी: एअर फिल्टर तुंबला की अ‍ॅव्हरेज घटते, हे कार्ब्युरेटरच्या गाड्यांबाबत खरे होते, संगणकाने नियंत्रित इंजिनात त्याचा परिणाम मुख्यतः वेग घेण्याच्या शक्तीवर होतो.

आमच्या व्हॅनपुरते पाहिले तर पहिला धागा चालकाच्याच बोलण्यात होता. ‘गाडी जड चालते,’ असे ते सांगत होते. रोज स्टीअरिंग धरणाऱ्याची साक्ष हाही पुरावाच असतो. आम्ही तपास तेथून सुरू केला. टायरमध्ये हवा कमी निघाली. ती भरून एक टाकी मोजली, तर आकडा ११.६ झाला. म्हणजे मुख्य कारण अजून बाकी होते. मागचे डावे चाक इतरांपेक्षा तापत होते. मेकॅनिकने पुढच्या चाकांना ओट लावून मागचे चाक जॅकवर उचलले, तर ते हाताने फिरेना. हँडब्रेकची केबल गंजून आवरणातच अडकली होती. लिव्हर खाली केला तरी ब्रेक शू ड्रमला घासत राहत. केबल आणि झिजलेले शू बदलले. पुढील टाक्यांची सरासरी १३.८ आली.

दोन्ही दुरुस्त्या एकदम केल्या असत्या, तर कोणत्या कारणाचा वाटा किती, हे कळलेच नसते. एका वेळी एकच बदल आणि त्यानंतर मोजमाप, हा नियम म्हणूनच महत्त्वाचा.

तपासाचा निष्कर्ष आम्ही हिशेबाच्या वहीत तारखेसह लिहिला आणि तो सर्वांसमक्ष वाचून दाखवला. कुजबुज चारचौघांत झाली होती, म्हणून खुलासाही चारचौघांतच व्हायला हवा होता. ज्यांच्या घरी वा संस्थेत गाडी आहे त्यांनी तारीख, किलोमीटर, लिटर आणि केलेली दुरुस्ती असे चार रकाने आखून एक वही आजच सुरू करावी. नोंद असेल, तर गाडीतला दोष लवकर सापडतो आणि निर्दोष माणसावर बोट उगारले जात नाही.