संघ कोणी निवडावा?

फुटबॉलचा सामना मैदानावर अकरा खेळाडू खेळतात. परंतु त्यांना निवडणारा, शिकवणारा आणि क्लबसाठी पैसा उभा करणारा, ही माणसे मैदानाबाहेर असतात. त्यांची कामे कशी वाटून द्यावीत, याची हकीकत या पाठात सांगितली आहे. ती इंग्लंडमधील मँचेस्टर युनायटेड या प्रसिद्ध क्लबची आहे.

समजा, उद्या तुमच्या शाळेच्या संघाचा सामना आहे. खेळाच्या सरांनी अकरा मुले निवडली आहेत. इतक्यात एक गृहस्थ येतात. संघाला बूट आणि चेंडू त्यांनीच दिले आहेत. ते म्हणतात, "सर, माझ्या पुतण्याला पुढे खेळवा." सरांनी आता काय करावे? नाही म्हटले तर पुढच्या वर्षी बूट मिळणार नाहीत. हो म्हटले तर मुले सरांचे ऐकणार नाहीत.

हा पेच मोठ्या क्लबांनाही पडतो. १९३१ साली मँचेस्टर युनायटेडकडे खेळाडूंचा पगार देण्यापुरतेही पैसे नव्हते. तेव्हा जेम्स गिब्सन नावाच्या कारखानदाराने पदरचे पैसे घालून क्लब वाचवला. पुढे दुसरे महायुद्ध सुरू झाले. १९४१ साली बाँब पडून क्लबचे मैदान उद्ध्वस्त झाले. अशा पडक्या काळात, १९४५ साली, गिब्सन यांनी मॅट बझ्बी यांना व्यवस्थापक म्हणून बोलावले.

बझ्बी हे स्कॉटलंडमधील खाणकामगाराचे पुत्र. त्यांनी पूर्वी कोठेही व्यवस्थापक म्हणून काम केलेले नव्हते. तरीही त्यांनी आपल्या अटी स्पष्ट सांगितल्या. संघ मी निवडणार, सराव मी घेणार आणि कोणता खेळाडू घ्यायचा किंवा सोडायचा, हेही मीच ठरवणार! त्या काळी बहुतेक क्लबांत संघनिवडीत संचालकांचा हात असे. व्यवस्थापक कचेरीत बसून कागदपत्रे पाहत असे. त्यामुळे ही मागणी धाडसाचीच होती. शिवाय तीन वर्षांऐवजी पाच वर्षांचा करार हवा, असे ते म्हणाले. संघ घडवायला तेवढा वेळ लागतो, असे त्यांचे म्हणणे होते. गिब्सन यांनी अटी मान्य केल्या. मालकाचा मोठेपणा मला येथे दिसतो. आपण ज्याला पगार देतो, त्याला अधिकारही देणे सर्वांना जमत नाही.

पण कागदावर दिलेला अधिकार रोजच्या व्यवहारात टिकवावा लागतो. एकदा सामना चालू असताना मागे बसलेल्या एका संचालकाने, इतरांना ऐकू जाईल अशा आवाजात, बझ्बींच्या निर्णयावर टीका केली. बझ्बी तेव्हा काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी त्या संचालकाला एकांतात गाठले आणि चारचौघांत असे पुन्हा बोलू नका, असे बजावले. एवढ्यावर ते थांबले नाहीत. संचालकांच्या पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत त्यांनी 'संचालकांचा हस्तक्षेप' हा विषयच घातला!

अधिकार एकाकडे असला, तरी सगळे काम एकटा माणूस करू शकत नाही. बझ्बींना हे ठाऊक होते. युद्धकाळात इटलीमध्ये सैनिकांपुढे बोलणारा एक वेल्समधील खेळाडू त्यांनी पाहिला होता. त्याचे नाव जिमी मर्फी. बझ्बींनी त्याला आपला सहायक केले. राखीव संघ आणि कोवळी मुले मर्फी तयार करत. बझ्बी शांत, तर मर्फी तापट. पण निवडीचा शेवटचा शब्द कोणाचा, याबद्दल दोघांत कधी शंका नव्हती.

या व्यवस्थेची खरी कसोटी ६ फेब्रुवारी १९५८ रोजी लागली. त्या दिवशी जर्मनीतील म्युनिक येथे संघाचे विमान कोसळले. २३ जण मृत्यू पावले. त्यांत ८ खेळाडू होते. बझ्बी रुग्णालयात मरणाशी झुंजत होते. मर्फी हे वेल्सच्या संघाचेही काम पाहत. वेल्सचा सामना असल्याने ते त्या विमानात नव्हते. त्यांनी उरलेल्या खेळाडूंना गोळा केले. १३ दिवसांनी पुढचा सामना झाला. छापील पत्रिकेत युनायटेडच्या खेळाडूंच्या नावांच्या जागा कोऱ्याच होत्या. कोण खेळणार, हेच ठरले नव्हते. तो सामना युनायटेडने ३-० असा जिंकला! पुढे संघ त्या वर्षीच्या एफ. ए. चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि तेथे हरला. दुसऱ्या फळीत जाणता माणूस होता, म्हणून क्लब उभा राहिला.

१९६८ साली बझ्बींच्या संघाने युरोपियन चषक जिंकला. पुढच्या वर्षी ते पायउतार झाले. येथून गोष्टीला वेगळे वळण लागते.

त्यांच्या जागी विल्फ मॅकगिनेस आले. ते अवघे ३१ वर्षांचे होते. त्यांना सुरुवातीला व्यवस्थापक हे नावसुद्धा मिळाले नाही. ते 'मुख्य प्रशिक्षक' झाले आणि बझ्बी 'महाव्यवस्थापक' म्हणून वरच राहिले. कालपर्यंत जे सोबती होते, त्यांना मॅकगिनेस यांनी आज्ञा कशी करावी? तक्रार असली की जुने खेळाडू बझ्बींकडे जात. १९७० सालच्या डिसेंबरात मॅकगिनेस यांना हटवले आणि बझ्बी काही महिन्यांसाठी परत आले.

नंतर फ्रँक ओफॅरेल आले. व्यवस्थापकाच्या मोठ्या खोलीत तेव्हा बझ्बीच बसत. ती खोली ओफॅरेल यांना आग्रह धरून मागून घ्यावी लागली. बझ्बी आता संचालक झाले होते. ज्यांनी एकेकाळी संचालकांना दूर ठेवले, त्यांचीच सावली आता नव्या व्यवस्थापकावर पडली. मी बझ्बींना फारसा दोष देत नाही. २४ वर्षे घडवलेला संघ मनातून सुटत नाही. दोष मंडळाचा होता. १९४५ साली गिब्सन यांनी जशी रेषा आखून दिली, तशी ती या वेळी कोणीच आखली नाही. १९७२ साली ओफॅरेलही गेले. १९७४ साली, म्हणजे युरोपियन चषकानंतर सहाच वर्षांनी, युनायटेड पहिल्या विभागातून खाली घसरला.

१९८६ साली ॲलेक्स फर्ग्युसन आले. सुरुवातीची तीन वर्षे एकही चषक मिळाला नाही. प्रेक्षक चिडले, पण मंडळाने त्यांना काढले नाही. १९९० साली एफ. ए. चषक मिळाला आणि १९९३ साली, २६ वर्षांनंतर, लीगचे विजेतेपद. फर्ग्युसन २०१३ साली निवृत्त झाले, तोपर्यंत त्यांनी लीग १३ वेळा जिंकली होती.

युरोपातील अनेक क्लबांत खेळाडूंची खरेदी एक क्रीडा संचालक पाहतो आणि प्रशिक्षक फक्त मैदान सांभाळतो. हीही रीत चालते. मात्र कोणाचे काम कोठे संपते, हे आधी ठरलेले असावे लागते. युनायटेडने असे पद २०२१ साली प्रथमच निर्माण केले. २०१३ साली ते नव्हते. तेव्हा फर्ग्युसन यांच्याबरोबर व्यवहार सांभाळणारे मुख्य अधिकारीही क्लब सोडून गेले. नवे व्यवस्थापक डेव्हिड मोयेस यांना सहा वर्षांचा करार मिळाला. तो दहा महिनेही टिकला नाही.

स्वाध्याय

१. बझ्बींनी कोणत्या अटी घातल्या? त्या त्या काळी धाडसाच्या का होत्या?
२. मॅकगिनेस आणि ओफॅरेल यांच्या अडचणींत कोणते साम्य दिसते?
३. पाठाच्या सुरुवातीच्या प्रसंगात तुम्ही खेळाचे सर असता, तर त्या गृहस्थांना काय उत्तर दिले असते? पाच-सहा वाक्यांत लिहा.