मुक्त आज्ञावली आणि मोठी पेढी : दान की व्यवहार?

रोजकीर्द, खतावणी आणि मालाची आवक-जावक आपल्या बहुतेक पेढ्यांवर संगणकावर गेल्याला पुष्कळ वर्षे लोटली. मुनीमजींच्या लाल वह्या आता पूजेपुरत्या उरल्या आहेत. परंतु ज्या आज्ञावलीच्या, म्हणजे सॉफ्टवेअरच्या, आधारे हा सर्व कारभार चालतो ती कोणाची, तिच्या पोटात काय लिहिलेले आहे, आणि ती करणारा उद्या आपला धंदा आवरून गेला तर आपल्या हिशेबांचे काय होईल, हे प्रश्न आपण क्वचितच विचारतो. या प्रश्नांना जगात एक उत्तर मिळालेले आहे. त्याला ओपन सोर्स किंवा मुक्त आज्ञावली असे म्हणतात. प्रस्तुत लेखात त्याचा, आणि एका फार मोठ्या कंपनीने त्यास दिलेल्या पाठबळाचा, व्यापारी दृष्टीने विचार करावयाचा आहे.

मुक्त आज्ञावली म्हणजे काय?

संगणकाला द्यावयाच्या सूचना प्रथम माणसाला वाचता येतील अशा भाषेत लिहिल्या जातात. हे मूळ लेखन पुष्कळशा कंपन्या तिजोरीत ठेवतात आणि ग्राहकास केवळ यंत्राला कळणारे रूप देतात. तयार लाडू मिळावा, परंतु कृती मिळू नये, असा हा प्रकार होय. मुक्त आज्ञावलीत कृतीही हाती येते. ती वाचावी, सुधारावी आणि दुसऱ्यास द्यावी, अशी मुभा असते.

अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये या विचाराची चळवळ आरंभिली आणि १९८९ मध्ये त्यासाठी एक परवानापत्र सिद्ध केले. त्यातील मुख्य अट अशी की, जो ही आज्ञावली सुधारून पुढे देईल त्याने मूळ लेखन आणि हीच मुभा घेणाऱ्यास दिली पाहिजे. १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स नावाची मूलभूत आज्ञावली प्रसिद्ध केली व पुढील वर्षी ती याच परवान्याखाली आणली. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी : मुक्त म्हणजे फुकट नव्हे. मोल घेऊन विकण्यास बंदी नाही. कोंडून ठेवण्यास आहे.

आय. बी. एम.चे पाठबळ

आय. बी. एम. ही अमेरिकेतील जुनी आणि बलाढ्य कंपनी. तिने मुक्त आज्ञावलीस चार प्रकारे साहाय्य केले.

पहिले, द्रव्य आणि मनुष्यबळ. २००१ या एका वर्षात लिनक्सवर १०० कोटी डॉलर खर्च करण्याचा संकल्प तिने जाहीर केला. तिचे शेकडो पगारी अभियंते लिनक्स सुधारण्याच्या कामी लागले. आणि ती सुधारणा कंपनीच्या कोठारात न राहता सर्वांच्या हाती गेली.

दुसरे, सिद्ध माल. नोव्हेंबर २००१ मध्ये आज्ञावली लिहिण्याचे एक्लिप्स नावाचे साधन तिने जगास खुले केले. त्याचे मूल्य ४ कोटी डॉलर सांगण्यात आले होते. तथापि जोवर दोरी आय. बी. एम.च्या हाती होती तोवर प्रतिस्पर्धी कंपन्या जवळ येण्यास कचरत. म्हणून २००४ मध्ये एक स्वतंत्र संस्था स्थापून कारभार तिच्याकडे सोपविण्यात आला.

तिसरे, हक्कांचा त्याग. जानेवारी २००५ मध्ये तिने आपली ५०० पेटंटे मुक्त आज्ञावली निर्माण करणाऱ्यांस वापरावयास खुली केली.

चौथे, कोर्टकचेरी. २००३ मध्ये एस. सी. ओ. नामक कंपनीने, आपले लेखन लिनक्समध्ये घुसविले असा आरोप करून आय. बी. एम.वर दावा लावला. आय. बी. एम.ने आरंभीच पैसे मोजून वाट मोकळी करून घेतली नाही. ती वर्षानुवर्षे लढली. अखेरची तडजोड २०२१ मध्ये झाली, तोपर्यंत लिनक्स जगभर रुजलेले होते.

यात नफा कोठे?

आपल्यासारख्या माणसास साहजिकच प्रश्न पडतो की, एवढा खर्च कशासाठी? उत्तर व्यापाराचेच आहे. आय. बी. एम. विकत होती यंत्रे आणि सेवा. तिच्या निरनिराळ्या यंत्रांना निरनिराळ्या मूलभूत आज्ञावल्या लागत. प्रत्येकीचा खर्च वेगळा. लिनक्स लहानमोठ्या सर्व यंत्रांवर चालू शकले, आणि प्रतिस्पर्ध्याच्या बंदिस्त मालावर अवलंबून राहणे टळले. बाजारपेठेकडे जाणारा रस्ता चांगला असावा म्हणून एकमेकांचे स्पर्धक असलेले अडते वर्गणी काढतात. रस्ता कोणी विकत नाही, पण त्यावरून येणाऱ्या मालावर सर्वांची अडत चालते. तसाच हा मामला. २००२ च्या आरंभीच, गुंतविलेली रक्कम बव्हंशी वसूल झाल्याचे कंपनीच्या अधिकाऱ्यांनी सांगितले.

आपल्याकडे आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. ग्रंथांच्या प्रती करवून भांडारास अर्पण करणारे श्रावक फळाची अपेक्षा ठेवीत नसत. त्या अर्थाने आय. बी. एम.चे कार्य शास्त्रदान नव्हे. परंतु ज्यात आपल्याबरोबर दुसऱ्याचेही हित साधते असा सचोटीचा व्यवहार त्यास खुशाल म्हणावे.

दुसरी बाजू

व्यवहार म्हटला की हित बदलताच वर्तनही बदलू शकते. २०१९ मध्ये आय. बी. एम.ने लिनक्सचा व्यापार करणारी रेड हॅट ही कंपनी ३४०० कोटी डॉलरला विकत घेतली. रेड हॅटच्या मालाशी जुळणारी सेंटओएस ही विनामूल्य आवृत्ती असंख्य लोक वापरीत. ती पूर्वीच्या रूपात बंद करण्याचे डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झाले. जून २०२३ मध्ये रेड हॅटने आपल्या विक्रीच्या आवृत्तीचे नेमके मूळ लेखन सर्वांसाठी मांडणे थांबवून ते मुख्यतः ग्राहकांपुरते ठेवले. आमच्या श्रमावर दुसरे आयते दुकान मांडतात, असे कंपनीचे म्हणणे. परवान्याचे अक्षर पाळले पण आशय सोडला, असे टीकाकारांचे.

तथापि खरा बोध पुढे आहे. सेंटओएस गेली, पण तिच्या जागी रॉकी लिनक्स व अल्मा लिनक्स या आवृत्त्या २०२१ मध्येच उभ्या राहिल्या. मूळ लेखन लोकांच्या हाती होते म्हणूनच हे घडू शकले. मालकाच्या चांगुलपणापेक्षा लिखित परवाना अधिक काळ टिकतो.

उलट नुसता परवाना असून भागत नाही, हेही दिसून आले आहे. ओपन एस. एस. एल. या मुक्त आज्ञावलीवर जगातील बहुसंख्य संकेतस्थळांची गुप्तता विसंबून होती. परंतु तिच्या संस्थेस वर्षाकाठी सुमारे २००० डॉलर देणगी मिळे. २०१४ मध्ये तीत गंभीर दोष सापडला. तेव्हा कोठे आय. बी. एम.सह अनेक बड्या कंपन्यांनी निधी उभारला. विहिरीचे पाणी सारा गाव भरतो, गाळ काढावयास मात्र कोणी येत नाही, तशी ही स्थिती होती.

आपण काय घ्यावे?

व्यापारी बंधूंनी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, हिशेबाची आज्ञावली घेताना विक्रेत्यास लेखी विचारावे की, आमच्या नोंदी दुसऱ्या आज्ञावलीस वाचता येतील अशा रूपात आम्हांस केव्हाही काढून मिळतील काय? आज्ञावली विक्रेत्याची असेल, पण नोंदी आपल्याच आहेत. दोन, चोरून केलेली प्रत वापरू नये. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत तदाहृतादान, म्हणजे चोरीची वस्तू घेणे, सांगितले आहे. संगणकातील वस्तू डोळ्यांस दिसत नाही म्हणून तो दोष टळत नाही. लिबरऑफिससारखी मुक्त आज्ञावली राजरोस उपलब्ध असून ती मराठीतही आहे. तीन, अशी आज्ञावली वापरून लाभ झाला तर तो अंगाखाली घालून स्वस्थ बसू नये. तिच्या संस्थेस यथाशक्ति काही पाठवावे.

एवढी मोठी कंपनी आपल्या लाभासाठी का होईना सामाईक विहिरीचा गाळ काढते. तर त्याच विहिरीवर पाणी भरणाऱ्या आपण निदान एक घमेले उचलावे, हे योग्य होय.