चेंडूविना ८६ मिनिटे

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वडील गुळाच्या अडतीवर हमाल आहेत. "चेंडूमागं पळून पोट भरतंय व्हय?" हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. कोल्हापुरात असे विचारणे धाडसाचेच! इथे पेठापेठांतल्या तालमींनीच फुटबॉलचे संघ उभे केले. पाटाकडील आणि दिलबहार यांची गाठ पडली की शाहू स्टेडियम भरून जाते.

मीही पळत होतो, पण नुसताच. मिळालेला चेंडू सोडायचा नाही, यालाच मी खेळ समजे. गेल्या वर्षी संघातून मला वगळले. त्या रागातच गल्लीतल्या पोरांना शिकवू लागलो.

पहिल्या दिवशी गुळाला मुंगळे लागावेत तशी पोरे चेंडूला लागली. त्या घोळक्यात मला मीच दिसलो. मग हिशेब मांडला : सामना ९० मिनिटांचा, खेळाडू २२, चेंडू एक. समान वाटणी केली तरी एकाच्या वाट्याला जेमतेम ४ मिनिटे. उरलेल्या ८६ मिनिटांत काय करायचे, हीच खरी फुटबॉलची विद्या.

म्हणून पोरांना तिघांचा त्रिकोण शिकवला. चेंडू असलेल्याला दोन वाटा मोकळ्या हव्यात. चेंडू दिला की आपण नव्या जागी सरकायचे. ऑफसाइडचा नियमही तेच सांगतो : चेंडू सुटण्याआधीच प्रतिस्पर्ध्यांच्या पलीकडे जाऊन बसू नका. धाव लवकर नव्हे, वेळेवर हवी.

शिकवणाऱ्याला माणूस ओळखावा लागतो. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत, पेशाने शिक्षक असलेल्या सय्यद अब्दुल रहीम यांनी डोक्याला जखम झालेल्या जर्नेलसिंग या बचावपटूला आघाडीवर खेळवले. अंतिम सामन्यात त्याने गोल केला आणि भारताने दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून सुवर्णपदक मिळवले.

परवा आमच्यातला सर्वांत बारका पोरगा बाजूला धावला, त्याच्यामागे बचाव करणारा ओढला गेला आणि मोकळ्या जागेतून दुसऱ्याने गोल मारला. पोरांनी बारक्यालाच उचलले. वडील कडेला उभे होते. म्हणाले, "त्यानं तर चेंडूला पाय बी लावला नाही!"

मी म्हटले, "पोतं वाहणारा दिसतोय, पाठीवर चढवून देणारा कुठं दिसतोय?"

ते काही बोलले नाहीत. पण सामना संपेपर्यंत थांबले. संघात माझे नाव अजून नाही. यंदाच्या निवडीला मात्र चेंडू सोडायला शिकून जाणार आहे.