मुकादम होण्याआधी

पेठ तालुक्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तरी उन्हाळ्यात हंडा घेऊन झऱ्यावर ताटकळावं लागतं. पावसाचंच पीक, दुसरं नाही. भात कापून होतं न होतं तोच पाडा रिकामा होतो. पिकअप भरायची, कोटंबीचा घाट ओलांडायचा, दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागा गाठायच्या. बारा वर्षं मी वीस-बावीस जणांची टोळी नेतोय. त्यातली पहिली दोन नुसता मुकादम म्हणवून घेत होतो. खरा मुकादम व्हायला जे शिकावं लागलं, ते हे.

१. आधी स्वतःचा हिशेब. टोळीच्या नावावर घेतलेल्या उचलीतून मी मोटरसायकलचा हप्ता भरला. सुट्टी होताना एका वहिनीनं सगळ्यांसमोर विचारलं, "दादा, हजऱ्या सत्तावीस, मग पैसे पंचवीसचेच कसे?" मला उत्तर सुचेना. आता खिशात शंभर पानी वही असते. रोज जेवायच्या आधी लिहितो. पहिल्या पानावर माझी उचल, ती कोणीही उघडून बघावी.

२. जे सांगायचं, ते आधी पाळायचं. ऑक्टोबर छाटणी झाली की काडीच्या डोळ्यांना पेस्ट लावतात, डोळे एकसारखे फुटावेत म्हणून. तिच्यात हायड्रोजन सायनामाइड असतं. ते कातडीतून, श्वासातून अंगात जातं आणि त्यावर दारू घेतली तर शरीराला ती पचवता येत नाही. हातमोजे घाला, दारूला शिवू नका, असं मी टोळीला बजावलं. त्याच रात्री शेडमागं जाऊन मोहाची अर्धी बाटली रिचवली. थोड्याच वेळात तोंड लालभडक, छातीत धडधड, वर उलट्या. ज्यांना बजावलं तेच रात्रभर उशाशी बसले. सकाळी पुन्हा म्हणालो, "मोजे घाला रे." एक पोरगा काही बोलला नाही. नुसता माझ्या तोंडाकडं बघत राहिला. तोंड अजून लालच होतं.

तेव्हापासून हंगामात थेंब नाही. होळीला घेतो, खोटं कशाला बोलू.

३. सगळ्यांच्या आधी उठायचं. चूल पेटायच्या आत आपलं तोंड धुतलेलं असलं की हाका माराव्या लागत नाहीत.

४. हातातली कात्री सुटू द्यायची नाही. विरळणीत घडातले दाटीचे मणी काढतात, म्हणजे उरलेल्यांना फुगायला जागा मिळते. कात्रीचं टोक शेजारच्या मण्याला लागलं की डाग पडतो आणि निर्यातीच्या मालात डाग चालत नाही. मी बांधावर फोन कानाला लावून "नीट कापा" ओरडायचो. एका मावशीनं कात्रीच माझ्या हातात दिली. पहिल्याच घडाचे चार मणी मी टोचले. तो आठवडाभर तिच्या शेजारच्या ओळीत उभा राहून शिकलो. आजही तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे.

५. राग खाली ढकलायचा नाही. मालक मला झापायचा आणि मी टोळीतल्या सगळ्यात लहान पोरावर काढायचो. आता आधी टाकीवर जातो, तांब्याभर पाणी पितो, मग टोळीकडं येतो. कधी कधी दोन तांबे लागतात.